मेलेल्या झुरळाला हात लावू नकोस

काल रात्री तुझा फोन आला. माळा आवरताना बाबांचा स्पेक्ट्रम कॉम्प्युटर सापडला, अडॅप्टरही सोबत आहे, मामा, लावून बघू का? मी 'नको' म्हटलं आणि तू हिरमुसलीस. म्हणून हे लिहून काढतोय. फोनवर सांगितलेलं एका कानातून आत जातं आणि दुसऱ्या कानातून बाहेर. हे पूर्ण वाचून होईपर्यंत तो अडॅप्टर भिंतीत जायचा नाही, एवढं मामासाठी कर.

मी ही यंत्रं शिकलो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, जिन्याखालच्या एका दुकानात. उस्ताद मूळचे रेडिओवाले, व्हॉल्व्हच्या काळातले. सिंक्लेअर कंपनीनं स्पेक्ट्रम काढला एप्रिल १९८२ मध्ये, पण आमच्या टेबलावर तो यायला दोन-तीन वर्षं गेली. कुणाचा मेहुणा लंडनहून बॅगेत कपड्यांच्या घडीत लपवून आणायचा, कुणाचा मुलगा दुबईहून. पुढे १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन इथेच डीबी स्पेक्ट्रम प्लस काढला, मग जरा राबता वाढला. उस्तादांना प्रोग्रॅमिंगचं ओ का ठो कळत नव्हतं. ते म्हणत, हा रेडिओच आहे, फक्त बोलायच्या ऐवजी लिहून दाखवतो. गंमत म्हणजे कॉम्प्युटर शिकून आलेली आम्ही पोरं ज्या बोर्डापुढे हात टेकायचो, तो हा माणूस चहा निवायच्या आत चालू करायचा. त्यांचंच सगळं तुला देतोय. माझं त्यात फार थोडं आहे, आणि जे आहे ते चुका करून मिळवलेलं.

पहिलं अडॅप्टरचं. स्पेक्ट्रमचा अडॅप्टर ९ व्होल्ट डीसीचा, १.४ अँपिअरचा. पण त्याची पिन उलटी आहे: आत वजा, बाहेर अधिक. आज बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर आत अधिकवाले. टोक बरोबर बसतं, म्हणून माणूस फसतो. घरातल्या कुठल्या राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर बसतोय म्हणून लावलास, तर यंत्र आतून जळेल आणि तुला बाहेर फक्त एक बारीकसा वास येईल. मल्टिमीटरचा लाल प्रोब पिनच्या आत घाल, काळा बाहेरच्या कड्याला लाव. आकड्याआधी वजाचं चिन्ह आलं, तर अडॅप्टर स्पेक्ट्रमचा. आकडा मात्र ९ येणार नाही. जुना अडॅप्टर मोकळा मोजला की १३-१४ दाखवतो. त्यात रेग्युलेटर नसतो, भार पडला की तो खाली उतरतो. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोकांनी चांगले अडॅप्टर भंगारात दिले आहेत. वायर मात्र पिनपाशी वाकवून बघ. चाळीस वर्षांचं रबर तिथेच तडकतं.

आता झाकण. खाली पाच स्क्रू आहेत, ते काढ. पण झाकण एकदम वर उचलू नकोस. यंत्राचं पहिलं नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं आणि ते दुरुस्त करणाऱ्याच्याच हातून होतं. कीबोर्डखाली प्लॅस्टिकचा पातळ पडदा आहे, त्याच्या दोन चपट्या शेपट्या बोर्डावरच्या सॉकेटांत घुसवलेल्या असतात. एक पाच तारांची, एक आठ तारांची. नव्या असताना त्या फोटोच्या फिल्मसारख्या लवचिक होत्या. आता त्यांचा पापड झालाय. झाकण दोन बोटं उचल, टॉर्चनं आत बघ, दोन्ही शेपट्या सॉकेटाजवळ चिमटीत धर आणि सरळ वर ओढ. हलवू नकोस, वाकवू नकोस. टोकाला तडा गेलेलाच दिसला तर घाबरू नकोस, धारदार कात्रीनं दोन-तीन मिलिमीटर सरळ कापून टाक आणि उरलेली शेपटी पुन्हा खोच. एकदा करता येतं, फार तर दोनदा. मग शेपटी पुरत नाही. हल्ली नवे पडदे बनवून विकणारे आहेत, तेव्हा तेही काही आकाश कोसळल्यासारखं नाही.

झाकण निघालं की लगेच मीटर घेऊन धावू नकोस. उस्ताद आधी बोर्ड नाकाशी न्यायचे. ग्राहक हसायचे. पण जळलेल्या कॉइलचा वास, फुटलेल्या कपॅसिटरचा माशासारखा वास आणि नुसत्या ओलीचा कुबट वास हे तिन्ही वेगळे असतात, आणि दहा मिनिटांचं मोजमाप वाचवतात. मग डोळे. तुमचा माळा कोथरूडचा, म्हणजे समुद्राची हवा नाही, पण पावसाळे तर त्यानंही पाहिलेत. मागच्या बाजूला पट्ट्यांचा जो कनेक्टर आहे तो काळा पडलेला असेल. खोडरबरानं हलक्या हातानं पूस, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरव. सँडपेपर नको, त्यानं मुलामा जातो.

आणि मग बघायचं ते आधीच्या माणसाचं काम. हा माझा सगळ्यात पक्का अनुभव आहे: जुन्या यंत्रातला अर्धा दोष काळाचा असतो आणि अर्धा आधीच्या मेकॅनिकचा. कारखान्याचं सोल्डर एकसारखं, चकचकीत. हातानं केलेलं उठून दिसतं. त्याभोवती फ्लक्सचा तपकिरी डाग राहतो, कुठे थेंब जास्त होतो, कुठे पट्टी उचलली जाते. जिथे असा हात दिसेल तिथून शोध सुरू कर. एकदा आमच्याकडे एक बोर्ड आला, त्यात कुणीतरी मेलेल्या ४११६ मेमरीच्या जागी ४१६४ बसवली होती. दोन्हींना सोळा पाय, रूप सारखं, ४१६४ मोठीही आणि सहज मिळणारीही. बिचाऱ्यानं विचार केला असेल, मोठी आहे, चालेलच. पण ४११६ च्या आठव्या पायावर १२ व्होल्ट येतात आणि ४१६४ तिथे ५ ची वाट बघत असते. वायरिंग न बदलता बसवली की चालू करताक्षणी राम म्हणते.

पण याला एक अपवाद आहे, आणि तो तुझ्या बोर्डात निघायची शक्यता आहे, कारण तुझ्या बाबांचा अगदी सुरुवातीचा आहे. बोर्डावर छापलेला इश्यू नंबर बघ. इश्यू वन असेल, कळा फिकट करड्या असतील, तर आत तुला एक भयंकर दृश्य दिसेल: एक छोटी आयसी उताणी पडलेली, पाय वर, आणि त्या पायांवरून इकडे-तिकडे बारीक तारा गेलेल्या. कुणा उपद्व्यापी माणसाचा उद्योग वाटेल. काढून टाकायला हात शिवशिवतील. काढू नकोस! ते कारखान्याचंच काम आहे. यूएलए नावाच्या मुख्य चिपमध्ये पहिल्या खेपेला चूक राहिली होती, हजारो चिपा तयार होऊन पडल्या होत्या, तेव्हा एक ७४एलएस०० उलटी चिकटवून त्यांनी ती चूक बाहेरून झाकली. जगभरातले लोक तिला 'मेलेलं झुरळ' म्हणतात. इश्यू टूमध्ये तोच प्रश्न प्रोसेसरच्या पायांवर एकच ट्रान्झिस्टर डकवून मिटवला. तोही ओबडधोबड दिसतो, तोही राहू दे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ते झुरळ सफाईनं उपटून, जागा अल्कोहोलनं पुसून, उस्तादांना अभिमानानं दाखवलं होतं. ते काही बोलले नाहीत. ती तारांची जाळी परत जोडायला मला रात्रीचे अकरा वाजले. (माळ्यावरून आलंय म्हणजे खरी झुरळंही निघतील, ती मात्र काढ.)

आता मीटर. सोल्डरिंगचं लोखंड अजून पिशवीतच राहू दे. बोर्डावर एका बाजूला अॅल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूनं आवळलेला तीन पायांचा ७८०५ आहे. समोरून बघितलं की डावा पाय आत येणारा, मधला जमीन, उजवा बाहेर जाणारा ५ व्होल्ट. त्या पायांवर थेट प्रोब टेकवू नकोस. प्रोब घसरून डावा-उजवा जोडला गेला, तर अडॅप्टरचे सगळे व्होल्ट एका क्षणात सगळ्या चिपांवर जातील. ५ व्होल्ट मेमरीवर मोज, तिथे घसरलं तरी एवढा अनर्थ नाही. आणि मेमरीवर मोजायला मी तुला एक सोपी खूण देतो. खालच्या १६ केच्या आठ ४११६ आहेत, आयसी ६ ते आयसी १३. खाच वर धरली की चार कोपऱ्यांचे चार पाय म्हणजे चार पुरवठे: वर डावीकडे उणे ५, खाली डावीकडे अधिक १२, खाली उजवीकडे अधिक ५, वर उजवीकडे शून्य. देवघरातल्या चौरंगाचे चार पाय लक्षात ठेव. एक पाय लुळा असेल तर देव बसवायचे नाहीत.

या चार पायांतला सगळ्यात नाजूक उणे ५. ही जुनी मेमरी तीन पुरवठ्यांवर चालायची आणि तिची अट अशी की उणे ५ सगळ्यांच्या आधी यावं आणि सगळ्यांच्या शेवटी जावं. १२ आहे आणि उणे ५ नाही, अशी अवस्था आली की चिप तापते आणि थोड्या वेळात मरते. स्पेक्ट्रममध्ये हे १२ आणि उणे ५ एक छोटी कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टर, टीआर ४ आणि टीआर ५, मिळून तयार करतात. मागच्या कनेक्टरला यंत्र चालू असताना काही खोचलं, किंवा खोचलेलं जरा तिरकं झालं, की पट्ट्या एकमेकींना लागतात आणि पहिला बळी टीआर ४ चा जातो. ९० टक्के मेलेल्या स्पेक्ट्रमची कहाणी हीच, असं मी म्हणणार नाही, कारण मोजलं नाही. पण आमच्या टेबलावर आठवड्याला एखादा तरी यायचा. शाळकरी मुलगा, घाईत खोचलेली जॉयस्टिक आणि पडद्यावर उभे पट्टे.

असाच एक मी स्वतः मारला. माटुंग्याचा एक मुलगा घेऊन आला होता, परीक्षा संपलेली, सुट्टी तोंडावर. टीआर ४ मेलेला, आठही मेमऱ्या गरम. मी आठही काढल्या, सॉकेट बसवले, नवा टीआर ४ लावला. इथपर्यंत ठीक. मग शहाण्यासारखं रिकाम्या सॉकेटांवर मोजायचं सोडून मी आठही नव्या चिपा बसवल्या आणि चालू केलं. पडद्यावर काहीच नाही. दहा सेकंदांनी बोट टेकवलं तर पोळलं. कॉइल आतून जळून तिचे वेढे एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे १२ कसेबसे आले आणि उणे ५ आलेच नाहीत. आठ नव्या चिपा एका मिनिटाच्या आत गेल्या. उस्तादांनी त्या आठही काढून चहा-साखरेच्या बरण्यांशेजारी एका रिकाम्या बरणीत टाकल्या आणि बरणी माझ्या डोळ्यांसमोर येईल अशी ठेवली. दोन महिने पगारातून पैसे कापले गेले, ते मी विसरलो. बरणी नाही विसरलो. तेव्हा ऐक: कॉइलचा रंग बघ, एनॅमल काळवंडलं असेल तर कॉइल बदल. आणि काहीही झालं तरी रिकाम्या सॉकेटावर चारही कोपरे मोजल्याशिवाय चिप बसवायची नाही. हल्ली फक्त ५ व्होल्टवर चालणाऱ्या बदली मेमऱ्या मिळतात, त्या घेतल्या तर हा सगळा कटकटीचा पुरवठा मेमरीपुरता टळतो. मी असतो तर त्याच घेतल्या असत्या. अस्सलपणाचा सोस ज्यांना असेल त्यांनी करावा.

पुरवठे ठीक निघाले तर आता टीव्ही जोड आणि फक्त पडदा बघ. स्पेक्ट्रम स्वतःची नाडी स्वतःच दाखवतो, हे मला फार आवडतं. पडद्याचं चित्र त्याच खालच्या १६ केच्या मेमरीत साठवलेलं असतं, त्यामुळे मेमरी आजारी पडली की आजार चित्रात दिसतो. चांगलं यंत्र चालू केलं की काय होतं? कडा पांढरी होते, मधला भाग काळा होतो आणि त्यावर तांबड्या बारीक उभ्या रेघा येतात, मग सेकंदाभरात सगळं पांढरं होऊन खाली १९८२ चा सिंक्लेअरचा कॉपीराइट उमटतो. त्या तांबड्या रेघा उगाच नाहीत. यंत्र आपली मेमरी तपासायला प्रत्येक घरात २ हा आकडा भरतं. दोन म्हणजे घरातल्या आठ बिटांच्या दिव्यांपैकी उजवीकडून दुसरा पेटलेला. पडद्यावरच्या एका ओळीत २५६ ठिपके, आठ-आठच्या ३२ गठ्ठ्यांत. प्रत्येक गठ्ठ्यात उजवीकडून दुसरा ठिपका पेटतो, म्हणून समान अंतरावर रेघा. आणि रंगाच्या जागीही २ च भरलेलं, म्हणजे शाई तांबडी, कागद काळा.

आता हे उलटं वाच. आठ चिपांतली प्रत्येक चिप आठ ठिपक्यांतला एकच सांभाळते. आयसी ६ सगळ्यात उजवा, आयसी १३ सगळ्यात डावा. रेघांशेजारी प्रत्येक गठ्ठ्यात आणखी एक रेघ कायमची उभी असेल, तर ती कितवी हे मोज आणि चिप सापडली. सगळा पडदा लुकलुकायला लागला तर आयसी १३ वर संशय घे, कारण रंगाच्या खात्यात तो लुकलुकीचा दिवा आहे. फोनवर पडद्याचा फोटो काढून मोठा करून मोज, आम्ही पडद्यावर पट्टी धरून मोजायचो. कडा पांढरी झाली म्हणजे प्रोसेसर आणि रॉम निदान चार पावलं चालले, हे बहुतेक वेळा खरं असतं. मधे रंगीबेरंगी चौकोनांची गोधडी पसरली आणि कडा पांढरी नसेल, तर प्रोसेसर झोपलेला आहे: त्याच्या ११ व्या पायावर ५ व्होल्ट आहेत का, सहाव्यावर घड्याळाचे ठोके येतात का, २६ वा रीसेटचा पाय खाली अडकून राहिलाय का, एवढं बघ. काहीच चित्र नाही, नुसत्या मुंग्या, तर आधी टीव्हीच नीट लागला नसेल.

कॉपीराइट दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. वरची ३२ के मेमरी मेलेली असली तरी यंत्र बिनबोभाट १६ केचं होऊन चालतं आणि तुला सांगतही नाही. खेळ लोड करायला गेल्यावर ते कळतं आणि माणूस टेपरेकॉर्डरला शिव्या देत बसतो. विचारायचं असेल तर लिही: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर ४८ के ठणठणीत. ३२७६७ आलं तर वरच्या मजल्यावर गडबड, आयसी १५ ते आयसी २२ कडे बघ. त्या दोहोंच्या मधलं काही आलं तर तपासणी नेमक्या कुठल्या घरापाशी अडखळली ते त्या आकड्यातच आहे.

चिप सापडल्यावर तिला अख्खी वाचवायच्या नादी लागू नकोस. ती मेलेली आहे. बोर्ड वाचव. बारीक कटरनं आठ-आठ पाय अंगाशी कापून टाक, धड बाजूला काढ, मग एकेक पाय वितळवून चिमट्यानं ओढ, नंतर तांब्याच्या जाळीनं भोकं साफ कर. जुन्या बोर्डाच्या पट्ट्या गरम झाल्या की भाकरीच्या पापुद्र्यासारख्या सुटतात, एका जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नाही. डाख देणं हे कासाराचं असो की आपलं, नियम एकच: जागा स्वच्छ, उष्णता भरपूर, वेळ थोडा. सोल्डरिंगच्या लोखंडाला अर्थिंग हवं. आपल्याकडच्या स्वस्त लोखंडांच्या टोकाला झिणझिण्या येतात, माणसाला त्या कळतात आणि चिप त्यानं मरते. पुण्याच्या कोरड्या थंडीत नायलॉनचे कपडे घालून काम करू नकोस. मुंबईत पावसाळ्यात आम्हाला स्थिर विजेची कधी भीती वाटली नाही, पण तुमच्याकडे जानेवारीत दाराच्या कडीलाही ठिणगी बसते.

संशयित चिपेवर चांगली चिप पाठुंगळी बसवून बघायची एक युक्ती आहे. पाय पायांना टेकवून चालू करायचं, चाललं तर खालची गेलेली. ही युक्ती खरी आहे, पण अर्धीच. खालची चिप आतून तुटलेली असेल तर वरची काम करते. खालचीनं तार जमिनीला धरून ठेवली असेल तर वरची कितीही चांगली असो, तिचं काही चालत नाही. म्हणून 'नाही चाललं' याचा अर्थ 'चिप चांगली' असा काढायचा नाही. बोटानं गरमी बघणं जास्त भरवशाचं. आठ भावंडांत एक जण तापलेला असेल तर तो लपत नाही.

कीबोर्डचं गणित तुला दोन मिनिटांत कळेल. चाळीस कळा, आठ तारा आणि पाच तारा यांच्या चौकटीत. ए, एस, डी, एफ, जी अशा शेजारच्या पाच कळा एकदम गेल्या, तर आठवाल्या शेपटीची एक तार किंवा त्या ओळीचा डायोड गेला. आणि १, ०, क्यू, पी, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट, स्पेस अशा विखुरलेल्या आठ गेल्या, तर पाचवाल्या शेपटीची तार. एखाद-दुसरी कळ रुसली असेल तर पडदाच झिजलाय. कळा पुसत बसण्यात अर्थ नाही.

टीव्हीबद्दल थोडकंच सांगतो. हा लंडनचा स्पेक्ट्रम यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर चित्र पाठवतो. आपल्याकडचे तेव्हाचे बरेचसे टीव्ही फक्त व्हीएचएफ पकडायचे, दूरदर्शनला तेवढंच पुरे होतं. कितीतरी चांगले स्पेक्ट्रम 'बिघडलेले' म्हणून आमच्याकडे आले ते फक्त याच कारणानं. आता चित्र चॅनेलवर चढवणाऱ्या मॉड्युलेटरचा नाद सोड. त्याच्या डब्यात जाणारी चित्राची तार मोकळी कर आणि १०० मायक्रोफॅराडच्या एका कपॅसिटरमधून मागच्या गोल सॉकेटच्या मधल्या टोकाला दे, टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटात घाल. चित्र आधीपेक्षा स्वच्छ येतं. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही वापरणार असशील, तर त्याचं मागचं झाकण तू उघडायचं नाही. बंद असला तरी त्यात हजारो व्होल्ट बसून राहतात.

कॅसेट लोड होत नसेल तर यंत्राआधी टेपरेकॉर्डरचं हेड अल्कोहोलनं पूस. हेडशेजारचा छोटा स्क्रू पाव वळसा इकडे-तिकडे फिरवून आवाज सगळ्यात तीक्ष्ण कधी येतो ते ऐक. पडद्याच्या कडेला तांबडे-निळसर जाड पट्टे स्थिर चालायला लागले की जमलं.

कपॅसिटरवरून हल्ली भांडणं होतात. एक पक्ष म्हणतो, चाळीस वर्षं झाली, सगळे इलेक्ट्रोलिटिक डोळे मिटून बदला. दुसरा म्हणतो, चालतंय त्याला हात लावू नका. मी पहिल्या पक्षाचा, पण एका अटीवर: आधी यंत्र चालू कर, मग बदल. बंद यंत्रात पंधरा कपॅसिटर बदलून चालू केलं आणि चाललं नाही, तर जुना दोष कुठला आणि तू नवा घातलेला कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बदलताना एकेक बदल, अधिक-उणे बाजू फोटोत टिपून ठेव, व्होल्टेज जुन्याइतकं किंवा जास्त घे. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ मिळतील, पण १०५ डिग्रीचे माग. दुकानदार 'तेच आहे' म्हणून ८५ चे देईल, ते घेऊ नकोस.

यूएलए ही फेरांटी कंपनीची चिप, स्पेक्ट्रमचा जीव. ती तापते, ते तिचं सवयीचं आहे, नुसत्या गरमीवरून तिला दोषी धरू नकोस. सॉकेटात असते, पण कुतूहल म्हणून काढू-घालू नकोस, पाय दुमडतात. सगळं तपासून झाल्यावर, सगळ्यात शेवटी तिच्यावर संशय घ्यायचा. तिच्या पोटात काय चालतं हे खोलात जाऊन कळून घ्यायचं असेल, तर ख्रिस स्मिथचं तिच्यावर अख्खं पुस्तक आहे, ते मागव. माझ्याकडचं तुझ्या मामीनं रद्दीत दिलं.

तुझ्या शाळेच्या स्टोअररूममध्ये बीबीसी मायक्रो पडलाय असंही तू म्हणालीस. १९८४ च्या 'क्लास' प्रकल्पात ते शाळांना मिळाले होते. तोही उघड, पण त्याच्या आतल्या वीजपुरवठ्याचा डबा बंदच ठेव. तो थेट भिंतीच्या २३० व्होल्टवर चालतो आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर डीसी असतं. त्यात पिवळट काचेसारखे दिसणारे कागदी कपॅसिटर असतात, ते म्हातारपणी तडकतात, त्यांत ओल शिरते आणि चालू केल्यावर दहा-वीस मिनिटांत खोली धुरानं भरते. धूर घाण असतो, यंत्राला सहसा काही होत नाही, पण शाळा रिकामी करावी लागेल. तो डबा घेऊन माझ्याकडेच ये.

स्पेक्ट्रम चालू झाला तरी लगेच झाकण लावू नकोस. दोन तास तसाच चालू ठेव, मधून मधून ७८०५ च्या पत्र्यावरून हात फिरव, तासाभरानं ५ व्होल्ट पुन्हा मोज. थंड असताना चालणारे आणि गरम झाल्यावर पाय ओढणारे दोष याच वेळात बाहेर येतात. काय बदललंस, कुठल्या तारखेला, ते बारीक चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आत चिकटव. पुढे कुणीतरी उघडेल, त्याला आधीच्या मेकॅनिकला शिव्या द्यायला जागा ठेवू नकोस.

माझा मल्टिमीटर रविवारी घेऊन जा. निळ्या डब्यात आहे. मात्र येताना ९ व्होल्टची एक बॅटरी आण. त्याची जुनी उतरलीय, आणि या मीटरची बॅटरी उतरली की तो सगळे आकडे वाढवून सांगतो. परवा त्यानं मला आपल्या घरच्या प्लगमध्ये २७० व्होल्ट दाखवले आणि मी अर्धा तास वायरमनला फोन लावत होतो.